मागचे ब्रेक आणि पिवळा दिवा

शीळफाट्यावर स्पोर्ट्स कार आली की लोक वळून बघतात, पण कौतुकानं नव्हे. ‘बिचारा’ असा भाव असतो चेहऱ्यावर. गाडी शून्यावरून शंभरला सहा सेकंदांत पोहोचणारी, आणि पुढ्यात जेएनपीटीहून भिवंडीकडे निघालेला चाळीस फुटी कंटेनर. मागे सिमेंटचा मिक्सर. डावीकडून एक रिक्षा ‘जरा जाऊ द्या’ म्हणत नाक खुपसतेय. चार दिशांचे रस्ते इथे येऊन एकमेकांना भिडतात. एक मुंब्र्याकडून बायपास उतरून येतो, एक कल्याण-डोंबिवलीकडून, एक तळोजा-पनवेलकडून आणि एक महापेकडून, पारसिकचा डोंगर ओलांडून. बुलेट ट्रेनचा बीकेसीपासूनचा एकवीस किलोमीटरचा बोगदासुद्धा इथेच शीळफाट्याला बाहेर येणार आहे. म्हणजे खाली ताशी ३२० किलोमीटरचं स्वप्न आणि वर आपण ताशी आठनं.

वेग शिकायला ही जागा कामाची नाही, कबूल. पण ब्रेक या विषयात पीएचडी करायची असेल तर शीळफाट्यासारखी युनिव्हर्सिटी नाही.

माझी अॅडमिशन तिथे झाली ती एका मित्रामुळे. पठ्ठ्या पलावात राहतो, ऑफिस महापेला. शाळेपासून वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढायचा. तिशी यायच्या आत एक सेकंडहॅन्ड जर्मन स्पोर्ट्स कार घ्यायचीच, ही त्याची एकमेव महत्त्वाकांक्षा होती आणि ती त्यानं पूर्ण केली. दोन दारं, मागच्या चाकांना ताकद, आणि ईएमआय असा की बाकीच्या हौशी आपोआप बंद. मी डोंबिवलीत राहते. नवी मुंबईत काम निघालं की त्याच्या गाडीतून जाते. त्यामुळे त्या गाडीचे ब्रेक हा काही फक्त त्याचा पर्सनल मामला नाही.

यंदा सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा फोन आला. मागचे ब्रेक पॅड संपलेत, पुढचे निम्मे शिल्लक आहेत. एस्टिमेट पाच आकडी. मित्र हबकला. ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढचे पॅड आधी झिजतात, हे त्याला वहीच्या मागच्या पानापासून माहीत होतं. मग मागचे आधी कसे गेले? सर्व्हिस अॅडव्हायझरनं ठामपणे सांगितलं, “सर, ते ईएससी आहे ना, तेच खातं ब्रेक. तुम्ही ब्रेक दाबत नाही तेव्हाही ते दाबतं. सिटीत ऑफ ठेवत जा.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसल्या बसल्या मित्राचं पहिलं काम काय, तर डॅशबोर्डवरचं ते घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटन दाबून धरायचं. सीटबेल्टच्याही आधी.

त्या जुलैची गोष्ट

मला हे पटेना, कारण मी त्या बटनाची महती सीटवर बसून बघितली होती.

आदल्या जुलैतली गोष्ट. महापेकडून शीळफाट्याकडे येत होतो. उतार, वळण आणि पावसाची नुकतीच सुरू झालेली झिमझिम. धो धो पावसापेक्षा हीच वाईट, कारण रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ वाहून जात नाही, नुसती कालवली जाते. त्यात कुठल्या तरी डंपरनं लाल माती सांडलेली. वेग साठच्या आसपास असेल. वळणावर गाडीचं मागचं अंग अचानक बाहेर निघालं. पोटात गोळा आला म्हणतात तो मला त्या क्षणी शब्दशः कळला. समोरून ट्रक चढत होता. मीटरमध्ये एक पिवळा दिवा तीन-चार वेळा लुकलुकला, कुठून तरी खर्रर्र असा आवाज आला, आणि कुणी खांद्याला धरून सरळ उभं करावं तशी गाडी सरळ झाली.

मित्र म्हणाला, “बघितलंस? काय कंट्रोल केली!”

त्याचा पाय ब्रेकवर नव्हता. मी बघत होते.

पावसात घसरायला स्पोर्ट्स कारच लागते असंही नाही. जुलै २०२५ मध्ये पलावाच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं आणि काही तासांतच तो बंद करावा लागला. पृष्ठभाग इतका निसरडा होता की दुचाकीवाले धडाधड पडले. म्हणजे आपल्या रोजच्या रस्त्यावर घसरणं ही काही एखाद्या विदेशी टेस्ट ट्रॅकवरची गोष्ट नाही. म्हणूनच मित्र ते बटन दाबून धरायचा तेव्हा माझा हात नकळत दाराच्या हँडलवर जायचा. शेवटी ठरवलं, या ईएससीची कुंडलीच मांडायची.

सेकंदाला पंचवीस वेळा

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. प्रत्येक कंपनीनं बारसं वेगळं केलंय. मर्सिडीजकडे ते ईएसपी, बीएमडब्ल्यूकडे डीएससी, पोर्शेकडे पीएसएम. काम एकच. स्टीअरिंग किती वळवलंय हे एक सेन्सर सांगतो, म्हणजे ड्रायव्हरला कुठे जायचंय ते कळतं. गाडी स्वतःभोवती किती वळतेय आणि बाजूला किती ओढली जातेय हे दुसरे सेन्सर सांगतात, म्हणजे गाडी खरोखर कुठे चाललीय ते कळतं. चारही चाकांचा वेग वेगवेगळा मोजला जातो. ड्रायव्हरची इच्छा आणि गाडीचं वागणं जुळतंय का, ही तपासणी सेकंदाला पंचवीस वेळा होते, असं हे तंत्र बनवणारी बॉश कंपनी सांगते.

जुळलं नाही तर? मग ती यंत्रणा ब्रेक लावते, पण आपल्यासारखा चारही चाकांना एकदम नाही. गाडीचं शेपूट बाहेर निघालं तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरते. गाडी वळायलाच तयार नसेल, सरळच निघाली असेल, तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरते. लहान मुलाचा एक हात धरून त्याला वळवावं ना, तसं. सोबत इंजिनची ताकदही कमी करते. हे जगातल्या कुठल्याही ड्रायव्हरला जमणार नाही, कारण आपल्याकडे ब्रेकचं पेडल एकच असतं.

बॉशमधले डच इंजिनिअर आंटोन फान झांटेन यांच्या टीमनं मर्सिडीजबरोबर हे विकसित केलं आणि १९९५मध्ये ते पहिल्यांदा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. श्रीमंतांचं खेळणं म्हणूनच ते राहिलं असतं. पण १९९७च्या ऑक्टोबरमध्ये एका स्वीडिश मासिकानं मर्सिडीजच्या नव्याकोऱ्या, छोट्या ए-क्लासची टेस्ट घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखं जनावर आलं असं समजून गाडी झटकन एका बाजूला आणि पुन्हा जागेवर घ्यायची, अशी ती टेस्ट. गाडी उलटली. मर्सिडीजची जगभर शोभा झाली, आणि त्यानंतर कंपनीनं ए-क्लासच्या प्रत्येक गाडीत ही यंत्रणा बसवली. महागड्या गाडीतली चीज स्वस्त गाडीत आली ती अशी. अमेरिकेनं २०१२च्या मॉडेलपासून ती सगळ्या नव्या कार्सना सक्तीची केली. त्याआधी २००७मध्ये तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्यानं अंदाज दिला होता की ईएससीमुळे, दुसऱ्या वाहनाचा संबंध नसलेले कार्सचे अपघात ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हींचे ५९ टक्क्यांनी कमी होतील. फान झांटेन यांना २०१६मध्ये युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्डमध्ये जीवनगौरव मिळाला.

हे सगळं मी मित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्याचा रिप्लाय आला, “पण माझे पॅड कुणी खाल्ले?”

प्रश्न वाजवी होता.

उस्तादांची ओपीडी

शीळफाट्यापासून जरा आत एक गॅरेज आहे. पाटी नाही, एसी लाउंज नाही, कॉफीचं मशिन नाही. आहे ते एक जॅक, चार घोड्या, आणि ट्रकपासून ऑडीपर्यंत कुणालाही ‘आव’ म्हणणारे उस्ताद. हयात मुंब्रा बायपासवरून तापून आलेल्या ट्रकांचे ब्रेक बघण्यात गेली. मी मित्राला तिथे ओढत नेलं. स्पोर्ट्स कार घोडीवर चढवताना त्याचा चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखा झाला होता.

उस्तादांनी मागचं डावं चाक काढलं. कॅलिपर खोलला. दोन पॅड हातात घेऊन माझ्यापुढे धरले. आतला पॅड लोखंडापर्यंत गेलेला. बाहेरचा अर्धा शाबूत.

“मॅडम, ये देखो. एकाच चाकाचे दोन पॅड. एक मेला, एक जिवंत. कंप्युटरनं खाल्ले असते तर दोन्ही सारखे खाल्ले असते. उसको अंदर-बाहर का फरक नहीं समझता.”

मग त्यांनी कॅलिपरची एक पिन दाखवली. ही पिन मागे-पुढे सरकली की कॅलिपर सरकतो, आणि दोन्ही पॅड डिस्कला सारखे दाबले जातात. पाय काढला की दोन्ही सुटतात. इथे ती पिन गंजून जाम झाली होती. कल्याण-शीळ रस्त्याचा चिखल, मेट्रोच्या कामाची धूळ, त्यावर पाऊस. रबरी बूट फाटलेलं, ग्रीस कधीच संपलेलं. आतला पॅड डिस्कला चिकटूनच फिरत होता, दिवसरात्र. ईएससीचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

मित्राचा चेहरा उजळला. पण उस्तादांनी उजवं चाक काढलं. तिथे पिन ठीक होती. दोन्ही पॅड सारखेच झिजलेले, आणि तरीही पुढच्यापेक्षा जास्त.

“हे मात्र तुमचं आहे,” उस्ताद मित्राकडे बघून म्हणाले. “आणि थोडं कंप्युटरचं.”

हे ‘थोडं’ नीट समजून घेण्यासारखं आहे. जुन्या गाड्यांत मागच्या चाकांना ब्रेक मुद्दाम कमी मिळायचा. ती आधी लॉक झाली तर गाडी भिंगरीसारखी फिरेल, ही भीती. आता प्रत्येक चाकावर इलेक्ट्रॉनिक्सचं लक्ष असतं, त्यामुळे हलक्या ब्रेकिंगला मागच्या चाकांकडूनही भरपूर काम करून घेता येतं. याला ब्रेकफोर्स डिस्ट्रिब्युशन म्हणतात. आणि शीळफाट्याचं सगळं ब्रेकिंग हलकंच असतं. एका सकाळी पलावा ते महापे मी त्याचा पाय कितीदा ब्रेकवर जातो ते मोजायला घेतलं. शंभरानंतर सोडून दिलं. पिवळा दिवा एकदाही लागला नाही. त्यात मागचे पॅड मुळातच पुढच्यापेक्षा लहान. म्हणून हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचे मागचे पॅड आधी संपतात, आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

दुसरं कारण ट्रॅक्शन कंट्रोल, ईएससीचा सख्खा भाऊ. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत सिग्नल सुटल्या सुटल्या अॅक्सिलरेटर तुडवला की एखादं चाक जागच्या जागी फिरायला लागतं. मग कंप्युटर त्या चाकाला ब्रेक लावतो, म्हणजे ताकद दुसऱ्या चाकाकडे जाईल. म्हणजे एकाच वेळी ड्रायव्हर गॅस देतोय आणि गाडी मागचा ब्रेक लावतेय. पॅड झिजणारच.

“रविवारी सकाळी काय करतोस?” मी मित्राला विचारलं. तो गप्प बसला. रविवारी सकाळी सहाला महापे रोड रिकामा असतो, हे पलावातल्या सगळ्याच हौशी पोरांना माहीत आहे.

चहाचं गणित

रविवारच्या त्या वीस मिनिटांचा हिशेब मी कागदावर मांडला. शाळेत शिकलेलं आठवत असेल, धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. दीड टनाची गाडी ताशी शंभरवरून थांबवायची तर ब्रेकला साधारण ५८० किलोज्यूल उष्णता पचवावी लागते. तेवढ्या उष्णतेत माठातलं जवळपास पावणेदोन लिटर पाणी उकळेल. गॅरेजमधल्या सगळ्यांचा चहा झाला समजा. तीच गाडी ताशी वीसवरून थांबवायला याचा पंचविसावा हिस्सा पुरतो. म्हणजे रविवारचं शंभरवरून एकदा करकचून थांबणं हे सोमवारच्या ट्रॅफिकमधल्या पंचवीस थांबण्यांइतकं. शिवाय पॅड जेवढा तापतो तेवढा भराभर झिजतो. स्पोर्ट्स कारचे पॅड मुळातच जास्त पकड देणारे, म्हणून जास्त झिजणारे. तिच्या अलॉय व्हीलवर बसणारी काळी पूड म्हणजे पॅड आणि डिस्कच.

याच्यापुढे ईएससी काय खातं? रस्त्यावर शहाण्यासारखी चालवलेली गाडी महिनोन् महिने ईएससीला जागवत नाही. जागवलंच तर सेकंदाच्या काही हिश्श्यापुरतं, तेही एखाद-दुसऱ्या चाकावर. पावसात काही गाड्यांची ही यंत्रणा अधूनमधून पॅड डिस्कला हलकेच टेकवते, डिस्कवरचं पाणी पुसायला. तो स्पर्श इतका हळुवार की पेडलवर कळतही नाही. सगळं मिळून बेरीज नगण्य.

लाल झालेली डिस्क

मग अॅडव्हायझरनं ते हवेतून काढलं का? तसंही नाही. त्याचं म्हणणं खरं आहे, पण रेस ट्रॅकवर.

ट्रॅकवर प्रत्येक वळण हद्दीपर्यंत घेतलं जातं. तिथे ईएससी पूर्ण चालू असेल तर ते दर वळणाला जागं होतं, चाकं धरतं, सोडतं, पुन्हा धरतं. सरळ रस्त्यावर ब्रेकना थंड व्हायला जो वेळ मिळायचा तो मिळत नाही. मागचे छोटे पॅड तापून जातात, ब्रेक फ्लुइड उकळायला लागतं. म्हणूनच स्पोर्ट्स कार्समध्ये ‘स्पोर्ट’ किंवा ‘ट्रॅक’ मोड असतात. त्यात गाडीला थोडं घसरू दिलं जातं आणि मगच हात धरला जातो. शिवाय काही गाड्या मुद्दामच ब्रेकनं वळतात. पोर्शेच्या टॉर्क व्हेक्टरिंगमध्ये वळताना आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला हलका ब्रेक लागतो आणि गाडी चपळ होते.

ही युक्ती फॉर्म्युला वनमध्येही वापरली गेलीय. १९९७च्या सीझनमध्ये डॅरेन हीथ या फोटोग्राफरच्या लक्षात आलं की मॅकलॅरेनच्या गाड्या वळणातून वेग घेत बाहेर पडत असतानाही त्यांच्या मागच्या ब्रेकची डिस्क लालभडक दिसतेय. वेग घेताना ब्रेक लाल कशाला? पुढे नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीत मॅकलॅरेनच्या गाड्या बंद पडल्या, तेव्हा त्यानं एका रिकाम्या कॉकपिटमध्ये कॅमेरा घालून फोटो काढला. त्यात जास्तीचं एक ब्रेक पेडल निघालं! फक्त एका मागच्या चाकाला ब्रेक लावून गाडी वळवायचं ते पेडल. १९९८च्या सीझनच्या सुरुवातीलाच त्यावर बंदी आली. नंतर २०११मध्ये मॅकलॅरेननं रस्त्यावरच्या आपल्या सुपरकारमध्ये तीच कल्पना कंप्युटरकडून करून घेतली आणि तिला नावही ‘ब्रेक स्टीअर’ असंच दिलं.

तेव्हा ब्रेकनं गाडी वळवायची तर त्याची किंमत ब्रेकच मोजणार, यात शंकाच नाही. पण ट्रॅकवर हेल्मेट असतं, बाहेर जायला मोकळी जागा असते, समोरून कुणी येत नसतं. महापे रोडवर समोरून ट्रक येतो.

बटनात काय असतं

आणखी एक गंमत. बटन दाबून मित्र नेमकं वाचवत काय होता? बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल सैल होतो. दाबून धरलं तरी एबीएस आणि पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी चालूच राहते, आणि काही गाड्यांत फिरत्या चाकाला ब्रेक लावायचं कामही. म्हणजे ज्या दोन गोष्टी त्याचे मागचे पॅड खात होत्या, त्यातली ट्रॅफिकमधली झीज त्या बटनानं एक रुपयानंही कमी होत नव्हती. बंद होत होतं ते फक्त आदल्या जुलैत आम्हाला सरळ उभं करणारं काम.

आणि उलट बाजूनं बघितलं तर? ईएससीला स्वतःचे हातपाय नाहीत. ब्रेक पॅड आणि टायर हेच त्याचे हात. पॅड लोखंडाला टेकलेले, टायर गुळगुळीत झालेले, आणि बटन चालू, तर कंप्युटर सेकंदाला पंचवीस वेळा विचार करेल आणि करू काहीच शकणार नाही. पॅड वाचवण्यासाठी ईएससी बंद करणं म्हणजे हात मळू नयेत म्हणून पडणाऱ्याला न धरणं.

आपल्याकडे हे सगळं आता फक्त स्पोर्ट्स कारवाल्यांपुरतं उरलेलं नाही. एप्रिल २०१९पासून नव्या कार्सना एबीएस सक्तीचं झालं. ऑक्टोबर २०२३मध्ये भारत एनकॅप सुरू झालं, त्यात तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर गाडीत ईएससी लागतंच. म्हणजे पहिली गाडी बुक करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या डॅशबोर्डवर ते घसरत्या गाडीचं चित्र असणार आहे. आणि कुणी ना कुणी अॅडव्हायझर, मामेभाऊ किंवा सोसायटीतला एक्स्पर्ट ‘ऑफ ठेव, ब्रेक खातं’ म्हणणार आहे. त्याला विचारा, एका चाकाचे दोन्ही पॅड सारखे झिजलेत का? पिन सरकतेय का? उत्तर तिथे मिळतं.

उस्तादांनी पिन साफ केली, ग्रीस भरलं, नवे बूट घातले. पॅड मित्रानं नवेच टाकले, मागचे चारही. बिल आलं ते एस्टिमेटपेक्षा कमी होतं. पण तो बटनाला हात लावायचा थांबला तो मात्र माझ्या गणितामुळे नाही. त्याचं श्रेय माळशेज घाटाला.

माळशेजचा उतार

मित्राचे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. कल्याणहून माळशेज चढून आळेफाट्याकडे जाणारी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. पावर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, पावसाळ्यात समोरच्या काचेपलीकडे नुसतं पांढरं धुकं, आणि मागे पन्नास-साठ माणसं. यंदा ऑगस्टमध्ये त्यांना गावी, ओतूरच्या पुढे, सोडायचं होतं. मला माळशेजवर एक स्टोरी करायची होती, म्हणून मीही निघाले. दोन दिवसांनी काकांना घेऊनच परत यायचं होतं. मी मागच्या सीटवर, म्हणजे खरं तर पर्स ठेवण्याच्या जागेत.

परतताना घाट उतरायला लागलो. धुकं, धबधब्यांचं पाणी रस्त्यावर, आणि मित्राचा पाय ब्रेकवर ठेवलेला तो ठेवलेलाच. काका थोडा वेळ बघत राहिले.

“ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर,” ते म्हणाले. “ब्रेक थांबायला असतात, उतरायला नाही.”

“बाबा, ऑटोमॅटिक आहे.”

“मग त्या स्टीअरिंगच्या मागच्या पट्ट्या कशाला आहेत?”

मित्रानं डावी पट्टी दोनदा ओढली. गिअर खाली आला, इंजिन घोगरं झालं, गाडीनं स्वतःला आवरलं. पाय ब्रेकवरून निघाला. इतकी वर्षं त्या पट्ट्या तो फक्त वेगासाठी वापरत होता. पॅड वाचवण्याचं बटन गाडीत होतंच, फक्त ते डॅशबोर्डवर नव्हतं.

काकांचं लक्ष आता मीटरकडे गेलं. गाडी चालू करताना सगळे दिवे एकदा लागून विझतात, त्यात त्यांनी तो पिवळा दिवा हेरून ठेवला होता.

“तो घसरणाऱ्या गाडीचा दिवा आहे ना, तो कधी लागतो रे?”

“गाडी घसरायला लागली की बाबा. मग ती आपणच ब्रेक लावून सावरते.”

“चांगलंय,” काका म्हणाले. काच थोडी खाली करून त्यांनी धबधब्याचा आवाज आत घेतला. “आमच्या वेळी असता तर बरं झालं असतं. राहू दे चालू. फक्त तू तो लागू देऊ नकोस.”